आत्या, मावशी, काकू, मामी: सगळ्यांना 'आंटी' म्हटलं तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं, कारण प्रत्येकीचा मान वेगळा आहे. बारशाला बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचं ते आत्यानंच. सख्खी नसेल तर चुलत आत्याला बोलावतात, पण तो मान सहसा मावशीला जात नाही. आत्या लग्न होऊन परक्या घरी गेली तरी माहेरच्या पुढच्या पिढीवर तिचा हक्क राहतो, हे त्यातून सगळ्यांसमोर मान्य होतं. मला हा विधी फार मोलाचा वाटतो.

मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या समाजांत नवरीची आत्याच तिची सासू होते. म्हणूनच ग्रामीण भागात कित्येक सुना आजही सासूला 'आत्या' किंवा 'आत्याबाई' म्हणतात, नातं नसलं तरी.

मावशीची माया वेगळी. 'माय मरो पण मावशी जगो' हे आपण उगाच म्हणत नाही. भाजीवाली, दवाखान्यातली आया, शाळेतली मदतनीस यांनाही आपण 'मावशी' म्हणतो. शेजारीण मात्र बहुधा 'काकू' होते. अनोळखी बाईला 'आत्या' म्हणताना मी तरी फारसं कुणाला ऐकलेलं नाही. मुलांना हे शब्द जरूर शिकवा.