बटण सोडून कोणती अळिंबी लावावी?

प्रश्न (मावळातील एका महिला बचत गटाकडून): पुण्यातल्या दुकानांत आता बटण मशरूमशेजारी राखाडी आणि गुलाबी धिंगरी (ऑयस्टर मशरूम), शिताके, किंग ऑयस्टर अशी पाकिटं दिसतात. घरी करून खाण्यासाठी लोक ती नेतात. आमच्याकडे भाताचा पेंढा भरपूर आहे, पत्र्याची एक खोली रिकामी आहे. आम्ही यातलं काय लावावं? शिवाय पावसाळ्यात वारुळावर येणारी अळंबी लावता येईल का?

उत्तर: ताई, शिताके आणि किंग ऑयस्टर तूर्त बाजूला ठेवा. शिताकेला लाकडाचा भुसा लागतो, तो दाबाच्या वाफेवर निर्जंतुक करावा लागतो आणि पीक हाती यायला दोन-तीन महिने जातात. किंग ऑयस्टरला 15 ते 18 अंशांचा गारवा हवा. पत्र्याखाली तो एसीशिवाय जमणार नाही आणि विजेचं बिल नफा खाईल.

तुमच्या पेंढ्याचं पीक धिंगरीच. तिला 20 ते 30 अंश तापमान आणि 80 ते 90 टक्के आर्द्रता लागते. मावळात पावसाळ्यात ही हवा आपोआप मिळते. त्याच दिवसांत श्रावण येतो, बऱ्याच घरांत मटण-मासळी बंद असते आणि मसाल्याच्या रश्श्यात घालायला काहीतरी हवं असतं. जुलैच्या मध्यावर पेंढ्याच्या पिशव्या भरल्या, तर त्यांचं पीक तेव्हा विक्रीला येतं.

पेंढा नवा, न भिजलेला घ्या. 3 ते 5 सेंटिमीटर तुकडे करून रात्रभर भिजवा, मग 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा. कार्बेन्डाझिम आणि फॉर्मॅलिन या जंतुनाशक रसायनांच्या द्रावणात बुडवायचीही पद्धत आहे, पण माल थेट कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाणार आहे. म्हणून मी गरम पाण्याचाच आग्रह धरतो. निथळलेला पेंढा मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये. ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या 2 टक्के बियाणं (धान्यावर वाढवलेली अळिंबीची बुरशी, म्हणजे स्पॉन) थराथराने पेरून पिशव्या भरा, भोकं पाडा. 15 ते 20 दिवसांत पिशवी बुरशीच्या धाग्यांनी पांढरी होते. मग प्लास्टिक काढून खोलीत गारवा राखा. पाणी फवारा, पण वारा खेळता ठेवा. दांडे लांब आणि छत्री लहान राहिली, तर हवा कोंडली आहे असं समजा. कडा वर वळायच्या आत काढणी करा. पुढे बीजाणू (अळिंबीचे धुळीसारखे बारीक कण) उडतात आणि त्यांनी खोकला लागतो, त्यामुळे खोलीत जाताना तोंडाला फडकं बांधाच.

किलोभर सुक्या पेंढ्यातून साधारण 600 ते 800 ग्रॅम ताजी धिंगरी मिळते. पहिल्या वेळी 20 पिशव्यांवर जाऊ नका. गुलाबी जात दिसायला सुंदर, उष्णताही सोसते. पण तिचा रंग शिजवल्यावर उडतो आणि ती लवकर खराब होते. आगाऊ मागणी असेल तरच ती लावा. राखाडी किंवा पांढरी बरी.

आता विक्री. बटण विकत घेणारीला ते कसं करायचं माहीत असतं, धिंगरीचं तसं नाही. 200 ग्रॅमच्या भोकं पाडलेल्या पाकिटात एक चिठ्ठी टाका: आधी धुऊन ठेवू नका, फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा, हाताने उभ्या पट्ट्या काढा, मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत परता, मग कांदा-खोबऱ्याचं वाटण घाला. पाकिटावर काढणीची तारीख लिहा. उरलेला माल वाळवा; 10 किलोचा जवळपास 1 किलो होतो आणि सूपला चालतो.

“बियाणं आमच्याकडून घ्या, सगळा माल आम्हीच उचलू” असं सांगून आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा. यात फसलेले शेतकरी माझ्यासमोर येऊन बसतात तेव्हा फार वाईट वाटतं. बियाणं आणि प्रशिक्षणासाठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पात चौकशी करा.

वारुळावरची अळंबी मात्र लावता येत नाही. ती वाळवीच्या सोबतीनेच वाढते. रानातली ओळखीची असेल तर घरी खा, पण तुमच्या पाकिटांत ती कधीही मिसळू नका.