रोज कामावर न्यायच्या फोर बाय फोर गाडीत पहिला बदल कोणता करावा: टायर, लिफ्ट किट की विंच?

तुमची गाडी रोज कामावर जाते, सुट्टीच्या दिवशी ती कच्च्या वाटांवर न्यायची हौस आहे, आणि लिफ्ट किट (गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंग-शॉकॲब्झॉर्बरचा संच), मोठे टायर, लोखंडी बंपर, विंच (दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढणारं मोटरचं यंत्र) यांपैकी सुरुवात कशाने करावी असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: टायरपासून सुरुवात करा आणि लिफ्ट सगळ्यात शेवटी ठेवा. बरेच जण नेमके उलट्या क्रमाने जातात, कारण उंच गाडी दिसायला छान वाटते. तो क्रम का नको, ते जरा सविस्तर सांगतो.

त्याआधी एक विनंती. काही महिने गाडी कंपनीतून आली तशीच कच्च्या रस्त्यावर चालवा आणि ती कुठे, कशामुळे अडली ते लिहून ठेवा. चाक जागच्या जागी फिरलं, पोट टेकलं, की ओढ्यात उतरताना नाक आणि वर चढताना शेपूट घासलं? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. चाक नुसतंच फिरत असेल तर पकड कमी पडतेय, तिथे लिफ्टचा काही उपयोग नाही. याच काळात गाडीत आधीपासून काय काय दिलंय तेही शिकून घ्या. लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) कधी टाकायची, डिफ लॉक (ॲक्सलवरची दोन्ही चाकं सारखीच फिरवणारं कुलूप) असेल तर तो लावायचा कधी आणि काढायचा कधी, हे हाताला बसलं पाहिजे. ट्रॅक्शन कंट्रोल मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे पोचवतो, पण त्याला थोडा वेळ लागतो. म्हणून तिथे घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय लगेच उचलायचा नसतो. नवखा जिथे अडकतो, तिथून जाणता माणूस तीच गाडी काहीही न बदलता बाहेर काढतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आता टायर. गाडीचा जमिनीशी संबंध येतो तो फक्त चार तळव्यांएवढ्या जागेतून, आणि ब्रेक, वळण, पकड सगळं तिथेच ठरतं. रोजच्या गाडीला ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे, टायर घ्या. मड-टेरेन चिखलात उत्तम चालतात, पण त्यांच्या ठोकळ्यांमधली मोकळी जागा मोठी असल्यामुळे डांबराला कमी रबर टेकतं. ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर वाढतं आणि वेग वाढला की सतत घूं-घूं आवाज येत राहतो. आठवड्यातले पाच-सहा दिवस डांबरावर जाणार असतील तर हा सौदा महागात पडतो.

माप वाढवायचा मोह इथेच होतो, म्हणून एकदा आकडेमोड करून बघा. २४५/७० आर १६ या टायरची रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूची भिंत तिच्या ७० टक्के म्हणजे १७१.५ मिलिमीटर आणि रिम १६ इंच. वर-खाली दोन भिंती आणि रिम मिळून उंची साधारण ७४९ मिलिमीटर. त्याऐवजी २६५/७० आर १६ घातला तर ती ७७७ होते. फरक २८ मिलिमीटरचा, पण ॲक्सल वर उचलला जातो त्याच्या निम्माच, म्हणजे १४. त्या बदल्यात एका फेऱ्यात चाक सुमारे पावणेचार टक्के जास्त अंतर कापतं, त्यामुळे स्पीडोमीटर तेवढा कमी वेग दाखवू लागतो, गिअर लांबल्यासारखे वाटतात, पिकअप मंदावतो आणि जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतात. एक माप वर जाणं मला चालतं, त्याहून पुढे रोजच्या गाडीत नको. टायरवरचा लोड इंडेक्स, म्हणजे तो किती भार पेलतो त्याचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. स्टेपनीसुद्धा त्याच मापाची घ्या. फुल-टाइम फोर व्हील ड्राइव्ह गाडीत एकच चाक वेगळ्या मापाचं असलं, तर मधल्या डिफला (पुढच्या-मागच्या ॲक्सलला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या डब्याला) सरळ रस्त्यावरही सतत काम करावं लागतं आणि तो तापतो.

टायरइतकीच मोठी गोष्ट म्हणजे त्यातली हवा, आणि तिच्यासाठी फक्त गेज आणि १२ व्होल्टचा कंप्रेसर पुरतो. डांबरावर दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दिलेली हवा ठेवा. खडीच्या रस्त्यावर २५ पीएसआयच्या आसपास, मऊ वाळूत १५ ते १८. हवा कमी केली की टायर रुंदीपेक्षा लांबीत जास्त पसरतो, जमिनीवरचा ठसा लांब होतो आणि चाक रुतायचं थांबतं. एवढ्या कमी हवेवर वेग ताशी ३०-४० किलोमीटरच्या वर नेऊ नका आणि स्टिअरिंग झटक्यात वळवू नका, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. डांबरावर परत आलात की आधी हवा भरायची. कमी हवेवर वेगात गेलं की टायरची बाजू तापून फाटू शकते. कंप्रेसर जरा ताकदीचा असेल तर त्याच्या चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडा. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो, तो उडतो.

यानंतर ओढून काढायची व्यवस्था, आणि याबाबत मी कुणाचंच दुमत ऐकून घेत नाही. चेसिसला पक्के बोल्ट केलेले, भार नमूद असलेले हुक पुढे आणि मागे हवेत. जहाजावर किंवा ट्रकवर गाडी बांधण्यासाठी दिलेल्या कड्या या कामाच्या नाहीत. ट्रेलरच्या टो-बॉलला पट्टा अडकवून झटका देणं तर कधीच नाही. तो गोळा तुटून गोळीसारखा उडाल्यामुळे माणसं दगावलेली आहेत. झटका देऊन काढायचं असेल तर कायनेटिक दोर हवा, जो सुमारे २० ते ३० टक्के ताणला जातो आणि ओढ हळूहळू पोचवतो. न ताणणारा टोइंग पट्टा सावकाश ओढण्यापुरताच. सोबत एक फावडं आणि चाकाखाली सरकवायच्या फळ्या ठेवा. वाळूत किंवा चिखलात रुतलेली गाडी बहुतेक वेळा हवा कमी करून, फावड्याने चाकापुढचं उकरून आणि फळ्या टाकूनच निघते. म्हणूनच सुरुवातीला विंच नको म्हणतो. सोबत दुसरी गाडी असेल तर विंचची गरज क्वचितच पडते. एकट्याने दूर जायची सवय लागली तर तेव्हा घ्या.

इथून पुढे काहीही बोल्ट करण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या, टाकी भरून. पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा मोजून घ्या. कंपनीने ठरवलेल्या कमाल एकूण वजनातून हा आकडा वजा केला की हातात किती उरतं ते कळतं. समजा कमाल २६०० किलो आहे आणि रिकामी गाडी २००० भरली. उरले ६००. पाच माणसं ७५ किलोच्या हिशेबाने ३७५, उरले २२५. लोखंडी बंपर आणि विंच मिळून ९० किलो, उरले १३५. छतावर रॅक आणि तंबू ८० किलो, उरले ५५. अजून पाणी, सामान, हत्यारं, दुसरी स्टेपनी यांपैकी काहीच चढलेलं नाही. शिवाय छताची मर्यादा वेगळी असते, बऱ्याच गाड्यांत चालताना ७५ ते १०० किलो, आणि रॅकचं स्वतःचं वजन त्यातच धरलेलं असतं. जाड स्प्रिंग घातली म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. ब्रेक, ॲक्सल आणि चेसिस तेच राहतात. बंपर तर पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकतो, त्यामुळे त्याचा भार पुढच्या स्प्रिंगवर स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पडतो. हे सगळं वजन तुम्ही रोज कामावर जाताना पण वाहणार आहात, हे विसरू नका. माझ्या गाडीचा रॅक म्हणूनच काढता येण्यासारखा आहे आणि आठवडाभर तो घरीच असतो. बंपर घ्यायचाच असेल तर तुमच्या मॉडेलच्या एअरबॅग सेन्सरशी जुळणारा आहे ना, आणि रस्त्यावर तो कायदेशीर आहे ना, हे आधी पाहा. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

पोट घासतं अशी नोंद तुमच्या वहीत असेल तर इंजिनचा संप (खालचं तेलाचं भांडं), गिअरबॉक्स आणि टाकीखाली पत्रे बसवा. पायरी म्हणून लावलेल्या साइड स्टेप दगडावर वाकून दाराला भिडतात. त्याऐवजी चेसिसला बोल्ट होणारे स्लायडर घेतले तर त्यांवर पाय ठेवून चढताही येतं. स्नॉर्कलची (इंजिनची हवा छताच्या उंचीवरून घेणाऱ्या नळीची) घाई नको. पाण्याची कंपनीने दिलेली मर्यादा त्याने आपोआप वाढत नाही, अल्टरनेटर आणि वायरिंग होतं तिथेच राहतं. त्याच्या आधी डिफचे ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायची छोटी तोंडं, लांब करून घ्या. चालून तापलेला ॲक्सल गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग तेल दुधासारखं पांढरट होतं. ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेऊन ठेवली की हे टळतं. खर्च किरकोळ, आणि रोजच्या वापरात त्याचा जराही त्रास नाही. जादा दिवे लावायचे तर रिले आणि फ्यूजसह लावा.

आणि आता लिफ्ट. स्प्रिंग नेहमी गाडीवर कायम राहणाऱ्या वजनासाठी निवडतात. बंपर, विंच ठरलेलं नसताना स्प्रिंग घेतली तर ती एक तर रिकाम्या गाडीला फार कडक पडते आणि रोज खड्ड्याखड्ड्यांत हाडं खिळखिळी करते, किंवा नंतर वजन चढल्यावर बसते आणि पुन्हा खरेदी करावी लागते. ५० मिलिमीटरच्या लिफ्टने बॉडी वर जाते, पण अखंड ॲक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच दांड्याला जोडलेल्या) गाडीत डिफ जमिनीपासून होता तिथेच राहतो. तो फक्त मोठ्या टायरने वर येतो. गुरुत्वमध्य उंचावतो, म्हणून घाटात आणि अचानक लेन बदलताना गाडी जास्त झुलते. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर सीव्ही जॉइंटचे (चाकाला जोर पोचवणाऱ्या दांड्याच्या वळणाऱ्या सांध्यांचे) कोन वाढून त्यांची झीज लवकर होते. अखंड ॲक्सल असेल तर कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे कललेला कोन) कमी होऊन स्टिअरिंग सरळ रेषेत ठरत नाही. म्हणून नाक-शेपूट खरोखर घासत असेल तरच लिफ्ट करा, आणि ५० मिलिमीटरवर थांबा. शॉकॲब्झॉर्बर त्याच स्प्रिंगला जुळणारे घ्या. गॅरेजमधून बाहेर पडण्याआधी चाक पूर्ण खाली लोंबकळतं तेव्हा ब्रेकची नळी ताणली जात नाही ना ते स्वतः वाकून पाहा, त्याच दिवशी अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा लावून घ्या, आणि काहीशे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्या.