बोटाला सुई लावूच देत नाही, काय करू?

प्रश्न : सिस्टर, मुलगा 8 वर्षांचा आहे, ऑटिझम, बोलतो अगदी कमी. गेल्या वर्षी टाइप वन डायबिटीस निघाला. शुगर चेक करायची म्हटलं की घर डोक्यावर घेतो, मग मी आणि हे दोघं मिळून धरून ठेवतो आणि टोचतो. खातो फक्त वरणभात, दही आणि एकाच ब्रँडची बिस्किटं. लो झाली तर सांगताही येत नाही त्याला. सासूबाई म्हणतात कारल्याचा रस द्या नि इन्सुलिन हळूहळू बंद करा.
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, कारल्याचं आधी संपवते. टाइप वनमध्ये शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, त्यामुळे इन्सुलिन बंद केलं तर थेट आयसीयू. सासूबाईंना पुढच्या व्हिजिटला सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं.

आता टोचण्याचं. डोस चुकवायचा नाही हे खरं, पण रोज धरून टोचलं की भीती वाढतच जाते. बऱ्याच मुलांना सुईपेक्षा त्या लॅन्सेटच्या (बोटाला टोचायच्या छोट्या सुईच्या) पेनाचा खटकन येणारा आवाज सहन होत नाही, तर पेन रिकामं करून त्याच्याच हातात द्या, खटखट वाजवू दे चार दिवस, बाहुलीला टोचू दे. मग भिंतीवर चित्रं लावा, हात धुणं, स्ट्रिप, खट्, आकडा, कार्टून. रोज तीच खुर्ची, तेच शब्द. बोट कुठलं ते त्याला निवडू द्या, आणि टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध जास्त दुखतं. आकडे आवडत असतील तर मीटर त्यालाच वाचू द्या. शुगर मोजणारा, दंडाला लावायचा सेन्सरही असतो, पण खर्चिक आहे आणि चिकटपट्टी नको वाटणारी मुलं तो उपटून टाकतात, म्हणून आधी नुसती पट्टी लावून बघा.

खाण्याचं टेन्शन थोडं कमी घ्या, खरं सांगते, रोज तेच खाणाऱ्या मुलाचे कार्ब मोजायला सोपे जातात, फक्त भाताची वाटी एकच ठरवा. ताट अर्धं सोडून उठत असेल तर जेवणाचं इन्सुलिन जेवल्या जेवल्या देता येईल का ते डॉक्टरांना विचारा, मनाने बदलू नका.

लो शुगर मात्र फार जपा. अचानक चिडला, घाम आला, गप्प पडला, येरझाऱ्या घालायला लागला की लोक म्हणतात ऑटिझमचंच आहे, आणि तिथेच घात होतो! आधी मीटर. 70 च्या खाली असेल तर वजनाप्रमाणे साधारण 10 ते 15 ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज, 15 मिनिटांनी परत चेक. बिस्किट नको, त्याला वेळ लागतो. ग्लुकोजची चव आवडत नसेल तर कुठला ज्यूस पितो ते तो बरा असतानाच शोधून ठेवा, लो असताना नवीन चव तो थुंकणारच. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, ग्लुकागॉन (शुगर पटकन वाढवणारं औषध) घरात असेल आणि शिकवलेलं असेल तर द्या, नाहीतर सरळ हॉस्पिटल. आणि उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास असं दिसलं तर शुगर आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की अंगात साठणारी आम्लं) दोन्ही बघा, वाट बघत बसू नका.

हेच सगळं एका कागदावर लिहून शाळेत वर्गशिक्षिकेकडे द्या, ज्यूसचा पॅक दप्तरात. आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंत का? त्यावर नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेची निरामया आरोग्य विमा पॉलिसी मिळते, 1 लाखापर्यंत, चौकशी करा.