शहर सोडलं तरी आपण त्या शहराचेच का राहतो?

तुम्ही विचारलंय की सोलापूर सोडून बंगळुरूला सहा वर्षं झाली, तिथं घरही घेतलं, तरी कुणी "कुठले तुम्ही?" म्हटलं की सोलापूरच तोंडात येतं. हा नुसता हळवेपणा आहे, की शहर माणसाला खरंच घडवतं?

मी नागपूरची. जन्म महाल या जुन्या वस्तीतला, मग अकरा वर्षं पुण्यात, आणि आता तीन वर्षांपासून परत नागपुरात. माझ्या मते शहर घडवतंच. पण आपण पाहुण्यांना मिरवून दाखवतो त्या गोष्टींतून नाही. झिरो माइलचा दगड, संत्र्याची बर्फी, तर्री पोहे हे सगळं मला प्रिय आहे. मला घडवलं मात्र एका क्रियापदानं.

पुण्यातल्या नोकरीचा पहिला आठवडा होता. दुपारी साहेबांचा फोन आला आणि मी म्हटलं, "जेवून राहिली, दहा मिनिटांत येते." शेजारच्या टेबलावरच्या दोघीजणी हसल्या. एकीनं विचारलं, "जेवून कुठे राहिलीस गं?" ती काय विचारतेय हे मला आधी कळलंच नाही. आमच्याकडे 'जेवून राहिली' म्हणजे जेवतेय. त्याच आठवड्यात भाजीवाल्याकडे सांबार मागितला, तर त्यानं कोपऱ्यावरच्या डोसेवाल्याकडे बोट दाखवलं. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, सांबारवडी त्याचीच.

वाईट कुणी वागलं नाही. पण मी भराभर शिकले. सहा महिन्यांत करतेय, येतेय, जातेय जिभेवर बसलं. आलूचा बटाटा झाला. 'काहून' ओठांपर्यंत यायचा आणि मी तो गिळून 'का' म्हणायचे. पुढं बढतीच्या वेळी एक वरिष्ठ म्हणाले, "तुमची भाषा आता स्वच्छ झाली." मला तेव्हा आनंद झाला होता. हे लिहिताना आज जड जातं.

मग एका संध्याकाळी आईचा फोन आला. मी घाईत होते. "आई, स्वयंपाक करतेय, नंतर बोलते." तिकडून क्षणभर काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, "काय गं, अशी पाहुण्यासारखी काय बोलून राहिली?"

तिचा राग नव्हता त्यात. घरात आलेल्या माणसाला ओळखलं नाही की जसा आवाज होतो, तसा तो होता. गॅस बंद करून मी ओट्याशीच उभी राहिले.

नंतर विचार करताना लक्षात आलं की मी ज्याला चूक समजून पुसत होते ते माझ्या शहराचं वय होतं. १८६१ साली मध्य प्रांत झाला तेव्हा नागपूर त्याची राजधानी झालं. जबलपूर, रायपूर आणि आम्ही एकाच प्रांतात. ते थेट १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ९५ वर्षं. 'येऊन राहिलो', 'करून राहिली' ही आमची ठेवण हिंदीच्या त्या शेजाराची खूण मानली जाते. कुणा एकाच्या अशुद्ध बोलण्यातून ती आलेली नाही.

माझे आजोबा सचिवालयात कारकून होते. त्यांच्या टेबलावर मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांतले अर्ज यायचे. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली आणि कचेऱ्यांबरोबर माणसंही वाटली गेली. आजोबांचे दोन जिवलग मित्र भोपाळला गेले, आजोबा स्वतः मुंबईला. चार वर्षांनी बदली करून घेऊन ते परत आले. पण शेवटपर्यंत, बाहेरगावाहून घरी निघताना ते म्हणायचे, "चला, राजधानीत जाऊ." १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथं होतं. त्या दिवसांत आजोबा कोट घालून विधानभवनाच्या रस्त्यावर चक्कर मारून यायचे. लहानपणी मला ती त्यांची हौस वाटायची. शहराचं पद गेलं तेव्हा त्यांच्या आतलंही काहीतरी गेलं होतं, हे मला पुण्यातल्या त्या फोननंतर समजलं.

आणि त्याच १९५६ मध्ये, राजधानी जायच्या अठराच दिवस आधी, १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. महिन्याभराच्या आत एका शहरानं एक ओळख गमावली आणि दुसरी, कितीतरी मोठी, मिळवली. मी दहा-अकरा वर्षांची असेन. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचा पाणीवाटपाचा स्टॉल असायचा, तिथं मी पेले भरून देत होते. नांदेडकडच्या एक आजी पाणी पिऊन सावलीत टेकल्या. पायात चप्पल नव्हती, टाचा भेगाळलेल्या, हातात पांढरी पिशवी. "तू इथलीच का, बाई?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "आम्हीबी इथलेच. माझ्या बापाचा जन्म इथं झाला. चाळीस वर्षांचा होता तवा."

मी घरी येऊन बाबांना विचारलं, चाळीस वर्षांच्या माणसाचा जन्म कसा होईल? बाबांनी समजावलं ते तेव्हा अर्धवटच कळलं. पण तेव्हापासून एक पक्कं आहे. शहर आपलं होण्यासाठी तिथं घर असावं लागतंच असं नाही. त्या आजी वर्षातून एकदा यायच्या, आणि नागपूर त्यांचं माझ्याइतकंच होतं, कदाचित जास्तच.

तुम्ही 'हळवेपणा का' असं विचारलंय म्हणून हेही सांगते. हॅरॉल्ड प्रोशान्स्की नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७८ मध्ये शहर आणि स्वतःची ओळख यांवर लिहिताना मांडलं की, आपण ज्या जागांत वाढतो त्या जागा आपल्या 'मी'चा एक भाग होतात. त्याआधी १९६३ मध्ये मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या बॉस्टनच्या वेस्ट एंडमधल्या लोकांचा अभ्यास केला होता. तिथली वस्ती पाडून लोकांना उठवलं होतं. त्यांचं दुःख त्याला जवळचं माणूस गेल्याच्या शोकासारखंच दिसलं. हे वाचलं तेव्हा मला आजोबांचा कोट आठवला. तुमची ओढ म्हणजे मनाचा कमकुवतपणा नाही.

परत आल्यावर सगळं पहिल्यासारखं झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. चुलतबहिणी म्हणतात, तू पुण्याची झाली. कचेरीत माझ्या तोंडी अजून 'करतेय'च येतं. पुण्यानं मला पहिली स्वतःची खोली दिली, पावसाळी टेकड्या दिल्या, एकटीनं जगायची हिंमत दिली. ते मी नाकारणार नाही, आणि तुम्हीही बंगळुरूला काही नाकारू नका. फक्त सोलापूर सांगताना आवाज खाली नेऊ नका. आणि घरी आईशी बोलताना तुमचे कोणते शब्द निसटलेत, तेवढं एकदा ऐकून बघा.

माझं काय परत आलं ते सांगते. यंदा एप्रिलच्या शेवटी आम्ही कूलर काढला. इथं हे दरवर्षीचं काम, नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत उरकायचं. जुनं गवत काळं पडून खरखरीत झालेलं असतं, ते ओढून काढताना बोटांना टोचतं. ताट्यांमध्ये नवं गवत भरलं, टाकी घासली, पंप लावला. बाबा आता ७४ वर्षांचे आहेत, पण नळी ते स्वतःच लावतात. मी मागच्या बाजूला, खिडकीखाली ताटीवर हात ठेवून उभी. कोरड्या गवतावर पहिलं पाणी पडलं की जो वास येतो, त्याला माझ्याकडे शब्द नाही. अकरा उन्हाळे तो मला मिळाला नव्हता.

आतून बाबांनी ओरडून विचारलं, "पाणी येऊन राहिलं का गं?"

"येऊन राहिलं, बाबा."