वाचक विचारतात: विद्यापीठांची ब्रीदवाक्यं आली कुठून?

प्रश्न: आमचे आजोबा सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजला शिकले, डिग्री मुंबई विद्यापीठाची. वडीलही तिथलेच पण त्यांची पुण्याची, आणि माझी शिवाजीची. तिन्ही विद्यापीठांची संस्कृत ब्रीदवाक्यं वेगवेगळी, त्यांचा अर्थ आणि मूळ सांगाल का? (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर: तुमच्या घरात आपल्या भागाचा इतिहासच आहे की! पुणे विद्यापीठ १९४९ ला झालं, त्याआधी इकडची कॉलेजं मुंबईला जोडलेली, मग पुण्याला, आणि १९६२ ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ सुरू झालं तसं सातारा-सांगली तिकडं गेलं.

आता मुंबईचं 'शीलवृत्तफला विद्या', म्हणजे शील आणि चांगली वागणूक हे विद्येचं फळ. याचं मूळ महाभारतात, सभापर्वात. युधिष्ठिर नारदांना विचारतो की वेद सफल कधी होतात, धन सफल कधी होतं, शिकलेलं सफल कधी होतं, आणि नारद सांगतात 'शीलवृत्तफलं श्रुतम्'. ब्रीदवाक्यात 'श्रुतम्'च्या जागी 'विद्या' आलंय एवढंच.

पुण्याचं 'यः क्रियावान् स पण्डितः' पण महाभारतातलंच, वनपर्वातल्या यक्षप्रश्नातलं. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की इथं युधिष्ठिर विचारत नाही, उत्तर देतो. चौघं भाऊ तळ्याकाठी निपचित पडलेत आणि यक्ष विचारतोय की माणूस ब्राह्मण कशानं होतो, कुळानं, वागण्यानं, का शिकण्यानं? युधिष्ठिर म्हणतो, कुळ नाही, शिक्षणही नाही, वागणूक. मग पुढं आख्खा श्लोक असा येतो की शिकणारे, शिकवणारे, शास्त्राचा नुसता विचार करत बसणारे हे सगळे व्यसनी आणि मूर्ख, जो करून दाखवतो तोच पंडित. विद्यापीठानं यातला शेवटचा चरण घेतलाय, पण माझं स्पष्ट मत आहे की पोरांना पूर्ण श्लोक शिकवावा, प्रश्नासकट, कारण 'शिकवणारे'सुद्धा त्या यादीत आहेत हे कळायला पाहिजे.

शिवाजी विद्यापीठाचं 'ज्ञानमेवामृतम्', ज्ञान हेच अमृत. सरळ आहे.

प्रश्न: सगळी ब्रीदवाक्यं संस्कृतमध्येच का? मराठीत एकही नाही का? (एक विद्यार्थिनी, कराड)

उत्तर: आहे ना, आणि तुमच्याच तालुक्यात सुरू झालेल्या संस्थेचं! कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, तिचं ब्रीद 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद'. ही ओळ कुठल्या ग्रंथातून उचललेली नाही, तिचं मूळ बघायचं तर त्यांचं काम बघायचं. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची, त्या बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव १९२७ ला गांधीजींच्या हस्ते दिलं गेलं. पोरांचं पोट भरायला भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. पुढं १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं आणि 'कमवा आणि शिका' योजनेत पोरं अंगमेहनत करून स्वतःच्या शिक्षणाचा खर्च काढायला लागली. संस्कृतला माझा विरोध नाही, पण शेतकऱ्याच्या पोराला कुणालाही न विचारता समजेल असं ब्रीद ठेवणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो मला, आणि फार मोठा.

प्रश्न: 'सा विद्या या विमुक्तये' हे कित्येक शाळांच्या भिंतीवर दिसतं, ते कुठलं? (एक शिक्षक, वाई)

उत्तर: विष्णुपुराणातलं. प्रल्हाद हे हिरण्यकशिपूला सांगतो, म्हणजे मुलगा बापाला. जे बंधनात टाकत नाही ते कर्म आणि जी मोकळं करते ती विद्या, अशी ती पूर्ण ओळ. गांधीजींनी १९२० ला अहमदाबादला काढलेल्या गुजरात विद्यापीठाचंही हेच ब्रीद आहे.