कादंबरीची ऐतिहासिक पार्श्वभूमी जोडीने शोधायची आहे. एकाने कादंबरी वाचायची आणि दुसऱ्याने इतिहास शोधायचा, अशी वाटणी चालेल का?

नाही चालणार. एमएला असताना आम्ही अगदी हीच वाटणी केली होती, आणि त्यावरून माझं आणि माझ्या पार्टनरचं जे वाजलं ते आजही पूर्ण मिटलेलं नाही, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आम्हाला ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' आली होती. तिने कादंबरी घेतली, मी इतिहास. पंधरा दिवस मी 1856 चा विधवाविवाहाचा कायदा, 1884 ची समाजसुधारक मलबारींची बालविवाहावरची टिपणं, रखमाबाईंचा खटला, मुलीचं संमतिवय वाढवणारा 1891 चा कायदा असं सगळं वहीत उतरवत बसले आणि ती कादंबरीची विधवा नायिका यमू, तिचं माहेर, सासर, सासरचे शंकरमामंजी करत बसली. मग दोन वह्या शेजारी ठेवल्या तर एकीचा दुसरीशी काही संबंधच लागेना. मी विचारलं, यमूचं केशवपन होतं तेव्हा कायदा काय म्हणत होता ते लिहिलंस का, तर म्हणे तो तुझा भाग. आणि मी त्या प्रसंगापर्यंत कादंबरी वाचलेलीच नव्हती! गाईडमधून गोष्ट कळली होती तेवढीच.

मग सगळं बाजूला ठेवून पुन्हा पहिल्या पानापासून बसलो. एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने वही उघडी ठेवून मध्येच थांबवायचं. केशवपनाच्या प्रसंगाला आलो तेव्हा तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, कायदा तर होता ना गं 35 वर्षं, मग? मी कायद्याचं कलम काढून वाचलं. पुनर्विवाह केला की मेलेल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जातो, हे त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात आहे. आणि केशवपनाबद्दल त्या कायद्यात एक शब्द नाही. लग्न करायची मोकळीक दिली, पण घरातल्या मोठ्यांनी न्हाव्याला बोलावलं तर त्या पोरीने जायचं कुठे, यावर कायदा गप्प. हे आम्हाला त्या एका दुपारी कळलं. आधीच्या पंधरा दिवसांत दोघींपैकी एकीलाही कळलं नव्हतं, कारण कलम एका वहीत होतं आणि प्रसंग दुसऱ्या वहीत.

भांडण झालं ते रखमाबाईंवरून. माहीत असेलच, तरी थोडक्यात सांगते. अकराव्या वर्षी लग्न लागलेलं, नवऱ्याकडे नांदायला नकार दिला म्हणून 1884 मध्ये त्याने मुंबईत दावा लावला. 1885 मध्ये निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण अपिलात फिरला, आणि 1887 मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला. त्या म्हणाल्या तुरुंगात जाईन. 1888 मध्ये नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. मी यावर चार पानं लिहिली होती. पार्टनर म्हणाली काढून टाक, कादंबरीत रखमाबाई कुठे आहेत? आपट्यांनी त्या खटल्यावरून लिहिलं याचा पुरावा दे. मी म्हटलं पुरावा कशाला हवा, तडजोड 1888 ची आणि कादंबरी 1890 मध्ये आपट्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः यायला लागली, मध्ये दोनच वर्षं. ज्याने तो अंक उघडला त्याच्या घरात या खटल्यावर वाद झालेला असणार. शिवाय रखमाबाईंनी खटल्याच्या दिवसांत 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने इंग्रजी पेपरात पत्रं लिहिली होती, म्हणजे एक बाई स्वतःच्या लग्नाबद्दल स्वतः बोलतेय हे लोकांनी नुकतंच ऐकलं होतं. आणि आपट्यांची यमूही स्वतःची कहाणी स्वतःच सांगते. वाचणाऱ्याच्या कानात आधीचा आवाज असणार की नाही?

प्रकरण सरांकडे गेलं. सर म्हणाले, संहितेत नाही ते नको. चार पानं गेली.

मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. कादंबरीत ज्यांची नावं येतात तेवढंच पार्श्वभूमी म्हणायचं असेल तर शोधायचं काय राहिलं, नुसती शेवटी यादी जोडली तरी भागेल. लेखक तेच लिहितो जे वाचकाला सांगावं लागतं. जे सगळ्यांना ठाऊक असतं ते तो लिहीतच नाही, आणि शंभर वर्षांनी नेमकं तेच पुसलं जातं. आपलं काम तिथे सुरू होतं. त्यामुळे तुमची कादंबरी कुठलीही असो, ती पहिल्यांदा छापून आली त्याच्या आधीच्या चार-पाच वर्षांत लोक कशावरून भांडत होते ते आधी बघा, मग पात्रांकडे या. आणि कोणी विचारलं की हे संहितेत कुठे आहे, तर घाबरून पानं काढू नका. मी काढली ती चूक केली.

वाटणीचं म्हणाल तर विषयाची वाटणी नको, कामाची करा. वाचन दोघांनी पूर्ण करायचं, त्यात सूट नाही. नंतर एकाने दुवा जोडायचा आणि दुसऱ्याने तो तोडायचा प्रयत्न करायचा, दर प्रकरणाला अदलाबदल. एकट्याला हे जमत नाही, आपण जोडलेलं आपल्याला खरंच वाटतं, जोडीचा उपयोग एवढाच आहे.

आता पार्टनरच्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. माझ्या मसुद्यात एक वाक्य होतं की संमतिवयाचं विधेयक आलं आणि त्यातून ही कादंबरी लिहिली गेली. एका जुन्या साप्ताहिकाच्या फाईलमध्ये विधेयकावरचा मजकूर सापडला होता, वर तारीख माघ शके 1812. मी 78 मिळवले, 1890 आले, खूश झाले. तिने वही ओढून घेतली आणि पेन्सिलने 78 खोडून 79 केलं. शक चैत्रात बदलतो ना, आणि इसवी सन त्याआधी जानेवारीतच, म्हणजे शके 1812 मधला माघ इसवी सन 1891 मध्ये पडतो. विधेयक 1891 च्या जानेवारीत मांडलं गेलं आणि मार्चमध्ये कायदा झाला, मुलीचं संमतिवय 10 वरून 12 वर गेलं, पण तोवर यमूची गोष्ट छापून यायला लागलेली होती. माझं वाक्य उलटं होतं. ते तसंच गेलं असतं तर तोंडी परीक्षेत काय झालं असतं याचा विचार नको वाटतो. म्हणून पुरावा माग हा तिचा हट्ट तारखांच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर, आणि 'त्यामुळे लेखकाने लिहिलं' असं वाक्य पुराव्याशिवाय तुम्हीही लिहू नका. 'तेव्हाच्या वाचकाला हे ठाऊक होतं' एवढं लिहा, आणि तेही तारखा तपासून.

पण रखमाबाईंच्या तारखा मी तपासलेल्या होत्या. एकही चुकलेली नव्हती.