महिन्याभरापूर्वी घेतलेल्या चेनसॉमधून बाभूळ कापताना पिठासारखा भुसा पडतो, जोर लावावा लागतो, धूरही येतो. मशीन खराब आहे का?

मशीन बहुतेक ठीक आहे, चेन बोथट झालीय. धारदार चेन लाकडाच्या ढलप्या काढते आणि स्वतःच आत ओढली जाते. पीठ पडतंय आणि तुम्हाला जोर लावावा लागतोय म्हणजे धार गेली. महिन्याभरात कशी गेली? वाळलेली बाभूळ मुळातच कठीण, त्यात मुळशीकडे शेतातून फरफटत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत माती अडकलेली असते. चेन एकदा जरी जमिनीला टेकली तरी दातांची धार जाते. मी सरपणासाठी दरवर्षी कापतो. दर वेळी पेट्रोल भरताना प्रत्येक दातावर दोन-तीनदा कानस फिरवली तरी पुरतं.

- गोल कानस चेनच्या मापाचीच घ्या: लहान मशीनच्या ३/८ इंची लो-प्रोफाइल (कमी उंचीच्या) चेनला ४ मिमी, ०.३२५ इंचीला ४.८ मिमी.
- कानस आतून बाहेर, एकाच दिशेने, साधारण ३० अंशांत. प्रत्येक दाताला सारखेच हात. हातमोजे घाला.
- ओंडका खाली दोन लाकडं देऊन उचलून घ्या.

धुराचं मात्र आधी बघा: बारचं (चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीचं) तेल संपलं असेल किंवा त्याचं भोक भुशाने बुजलं असेल, तर नवी चेनही जळेल. आणि धार लावूनही काप एका बाजूला वळत असेल, तर दात कमी-जास्त झालेत किंवा बार झिजलाय. तिथे कानस पुरणार नाही, दुकानात दाखवा.